टेप संपली तिथून पुढे

हरमल
शुक्रवार, ८ जानेवारी १९९९

सुविधा,

ज्योतीनं तुझी चिठ्ठी म्हापशाच्या बाजारात मिरच्यांच्या पुडीत घालून दिली. उघडताना डोळ्यांत पाणी आलं. मिरच्यांनी की तुझ्या अक्षरानं, ते विचारू नकोस.

तू विचारलंयस, "कॉलेज सोडून तू हरमलला नक्की करतोस काय? बाबांनी उद्या विचारलं तर मी काय सांगू?"

अकाउंट्सच्या सरांशी माझं वाजलं, मी वर्गातून उठलो आणि परत जाऊन बसलो नाही, एवढं तुला माहीत आहे. त्या संध्याकाळी डोकं थंड करायला मी समुद्रावर आलो. पार्वतीकाकींच्या माडांत वळलो आणि सुविधा, तो आवाज कानात यायच्या आधी माझ्या पोटात आला. ढोल म्हणावा तर ढोल नव्हे. जमिनीखाली कुणीतरी मोठं निजलंय आणि सावकाश श्वास घेतंय, तसं. काकींच्या विहिरीत डोकावलो तर पाणी थरथरत होतं. आणि ताल असा, की जिथं ठोका पडणार म्हणून आपण पाय उचलावा तिथं तो पडतच नाही. तिथं मोकळी जागा. त्या जागेत गिटार फक्त 'छक्' म्हणते आणि बाजूला होते. वाटलं, हे वाजवणाऱ्यांना घाई नावाची गोष्ट कुणी शिकवलेलीच नाही. माझ्यासारख्या तापट माणसाला तिथंच वाळूत बसावं लागलं. मी अजून उठलेलो नाही, एवढंच सांग बाबांना.

आम्ही तिघं आहोत. एरोल इंग्लंडात वाढलेला, आईबाप जमैकाचे, कमरेपर्यंत जटा. त्याच्याकडे ठोक्यांचं मशीन आहे आणि आवाजाला शेपूट लावणारा एक डबा आहे. 'हो' म्हटलं की हो... हो... हो... करत विरून जातं. बेस गिटार वाजवतो तो मिंगेल हरमलचाच, रविवारी सकाळी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतो. स्पीकरच्या पेट्या त्यानं मामाच्या मोडक्या होडीच्या फळ्यांतून केल्यात, अजून खारा वास येतो. मी मांडीवर घुमटाचं मडकं घेऊन वाजवत बसतो आणि कॅसेटचा डेक सांभाळतो. आमच्यात मुख्य कुणी नाही. वाटेनं जाणारा कुणीही आपला आवाज घेऊन यावा, आम्ही तो तालात बसवतो. नाव ठेवलंय 'गोडें-खारें', चोपड्याच्या नदीला भरतीच्या वेळी पाणी होतं तसं.

आता काम. एरोल सांगत होता, त्यांच्याकडे एक माणूस माईक धरून तालावर बोलत सुटतो आणि लोक ओरडून उत्तर देतात. मी म्हटलं, यात काय मोठंसं? आमच्या सुविधाचे बाबा मेणकुऱ्याच्या जत्रेत नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, ते काय वेगळं असतं? ते देवाशी बोलतात आणि सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतो. या जत्रेत तू ते टेप केलंस म्हणाली होतीस ना? पाठव की. तुझाही आवाज असेल त्यात. तेवढाच माझ्याजवळ राहील.

तुझाच,
गौरेश

•

मेणकुरे
गुरुवार, १४ जानेवारी १९९९

गौरेश,

मिरच्या पुडीसकट परत द्यायच्या होत्या. ज्योतीच्या आईनं वजन केलं आणि बिचारीनं बोलणी खाल्ली. प्रेम करायचं तुम्ही आणि तिखट खायचं ज्योतीनं.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. विहिरीतल्या पाण्याचं खरं ना? की मला भुलवायला लिहिलंस?

कॅसेट पाठवते आहे. आईच्या भजनांवरच टेप केलीय, तिला अजून माहीत नाही. ऐक, पण फक्त ऐक. बाहेर वाजवू नकोस. बाबा गाऱ्हाण्याला उभे राहिले की आम्हीसुद्धा त्यांना बाबा म्हणून हाक मारत नाही, इतके ते वेगळे होतात. बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत पुढचा 'व्हय म्हाराजा' माझा आहे. ओळख बघू.

आणखी एक. साखळी गावचे लोक फेब्रुवारीत मला बघायला येणार आहेत. मुलगा बांधकाम खात्यात आहे. बाबांना तुझं नाव मी अजून सांगितलेलं नाही. कॉलेज सोडलेला की वाळूत बसलेला, यातलं आधी काय सांगू ते तूच कळव. ते 'नाही' म्हणाले तर मी त्यांना ओलांडून येणार नाही, हेही माहीत असू दे.

सुविधा

•

हरमल
शुक्रवार, २२ जानेवारी १९९९

सुविधा गं,

ओळखला! पहिल्याच फेरीत ओळखला. सगळ्या बायका थोड्या मागून येतात, तू बाबांचं वाक्य संपायच्या आत येतेस. घाईची.

कॅसेट लावली तेव्हा आम्ही तिघंच होतो, संध्याकाळच्या चहाबरोबर पोई खात. बाबांचा आवाज सुरू झाला, "बा देवा म्हाराजा..." आणि एरोलच्या हातातली पोई हातातच राहिली. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. डोळे मिटले त्यानं. मग विचारलं, "हा माणूस कुणाला बोलावतोय?" मी म्हटलं, गावाच्या राखणदाराला, देवीला, होऊन गेलेल्यांना, शिवेवरच्यांना. एकेकाला नावानं. तो म्हणाला, "ते येतात. ऐकू येतंय." इतकी वर्षं जत्रेत मी नुसता 'व्हय म्हाराजा' ओरडलो गं, मधे ते काय म्हणतात तिकडे कधी कान दिला होता?

मिंगेलनं हळूच बेस धरला. बाबा जिथं श्वास घेतात तिथं बेस, तू जिथं 'व्हय' म्हणतेस तिथं गिटारचा 'छक्'. कुणी काही ठरवलं नाही. आपोआप बसत गेलं, जणू दोन्ही गोष्टी एकाच घरच्या आणि लहानपणी जत्रेत हरवलेल्या.

आता रागावू नकोस. रविवारी मावळतीला आम्ही ते वाजवलं. बाहेर. मला राहवलंच नाही! परदेशी पोरं होती, होड्या ओढून आलेले रापणकार होते, शेजारच्या बांधकामावरचे बेळगावकडचे गवंडी होते. टेप संपली की मी मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावायचो, मशीनचा ठोका चालूच. कुणी नाचत नव्हतं. सगळे उभे होते आणि डोलत होते, माड डोलतात तसे. एक गवंडी म्हातारा 'व्हय म्हाराजा' म्हणायला लागला, मग सगळेच. तुझा आवाज त्या पेट्यांतून माडांच्या वर गेला सुविधा. मी खाली बसून बघत होतो. आता रोज संध्याकाळी लोक तेच मागतात.

साखळीवाल्याला सांग, रस्ते बांध म्हणावं.

गौरेश

•

मेणकुरे
गुरुवार, ४ फेब्रुवारी १९९९

गौरेश,

गेल्या शुक्रवारच्या बाजाराला ज्योतीकडे मुद्दामच चिठ्ठी दिली नाही.

आमचा शंभू, माझा चुलतभाऊ, खनिजाच्या ट्रकावर असतो तो, त्याच्या आधीच्या रविवारी मित्रांबरोबर हरमलला गेला होता. घरी येऊन जेवताना म्हणाला, "काका, तुमचें गाऱ्हाणें थंय स्पीकरार लावतत." आईच्या हातातला डाव थांबला. बाबांनी एकच विचारलं, कुठवर लावतात, "खंयमेरेन?"

शंभू म्हणाला, "राखणदाराक हाक मारतात थंयमेरेन. मगे परत पयल्यापासून."

बाबांनी हात धुतला. ताट तसंच राहिलं. त्या दिवसापासून ते दुकानावर गेलेले नाहीत. जनेल उघडून तिथल्या कदेलीवर बसून असतात, हरमलच्या दिशेला तोंड करून. कॅसेट कुणी दिली ते त्यांनी विचारलं नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

मी सांगितलं होतं ना, बाहेर वाजवू नकोस?

आता मला लिहू नकोस.

सु.

•

हरमल
शनिवार, ६ फेब्रुवारी १९९९

सुविधा,

लिहू नकोस म्हणालीस म्हणून लिहितोय.

कळलं मला. मानकऱ्यांचा आवाज वाळूवर वाजला, कुणाही ऐऱ्यागैऱ्यानं त्याला साथ दिली, म्हणून ताट लाथाडलं! देव काय मेणकुऱ्यानं विकत घेतलाय? इथं पार्वतीकाकी बघ. त्यांनाही देवधर्म आहेच की. पण त्या पहिल्या रविवारपासून रोज तिन्हीसांजेला त्या आमच्या पेट्यांपुढं पणती लावून जातात, तांब्याभर पाणी ठेवतात. विचारलं तर बोलत नाहीत, हसतही नाहीत. त्यांना या संगीताची किंमत कळली. तुझ्या बाबांना नाही कळली.

खरं कारण मी सांगतो. मी बी. कॉम. पुरा नाही, खात्यात नाही, म्हणून. मी येतो मेणकुऱ्याला आणि तोंडावर विचारतो त्यांना. बांधकाम खातं बसलेलं असलं तर त्याच्यासमोर विचारतो.

गौरेश

•

मेणकुरे
गुरुवार, १८ फेब्रुवारी १९९९

गौरेश,

येऊ नकोस. आधी हे शेवटपर्यंत वाच. तुला मधेच सोडायची सवय आहे, म्हणून सांगते.

बाबांना राग आलेला नाही. ते घाबरलेत. तुमच्यासाठी.

कॅसेट मी दिली, हे मी त्यांना सांगून टाकलं. कुणाला दिली आणि का दिली, तेही. आई रडली. बाबांनी मला समोर बसवून समजावलं, शाळेतल्या पोरीला सांगावं तसं. गाऱ्हाण्याचे दोन भाग असतात. आधी एकेकाला हाक मारून बोलवायचं, मांडायचं ते मांडायचं. मग शेवटी एकेकाला मान देऊन त्याच्या त्याच्या जागी परत पोचवायचं. बोलावणं सगळ्यांना ऐकू जातं, कारण तेव्हा ढोल थांबलेले असतात. पोचवणं हळू आवाजात असतं, तोवर पोरंटोरं प्रसादाकडे पळालेली असतात. तू त्यांतलाच. आणि मी तरी कोण मोठी? माझी साठ मिनिटांची कॅसेट, अर्धीअधिक आईची भजनं. राखणदाराच्या हाकेवर टेप संपली आणि मी बटण वर आलेलं बघून गप्प बसले.

म्हणजे तुम्ही रोज संध्याकाळी त्यांना बोलावता, गौरेश. पुन्हा पुन्हा बोलावता. आणि जा म्हणून कुणी सांगत नाही. त्यांच्या शिवेपासून लांब, परक्या वाळूत, ते उभे आहेत.

पार्वतीकाकी पणती का लावतात, ते आता कळलं तुला? त्या संगीतापुढं लावत नाहीत.

मी म्हटलं, "बाबा, टेप मोडून टाकायला सांगते." ते म्हणाले, "आनी मगे? हाक मारलेली मोडता?" थोड्या वेळानं माझ्याकडे बघून म्हणाले, "तुवेंय व्हय म्हाराजा म्हटलां गो. तूंय थंयच उबी आसा."

रात्रभर माझ्या हातापायांना मुंग्या आल्या.

येत्या रविवारी ते शंभूबरोबर हरमलला येतायत. त्याच रविवारी साखळीचे लोक यायचे होते. आईनं हात जोडले. बाबा म्हणाले, "तांकां घरांत बसपाक कदेली आसत. हे उबे आसत."

टेप तुम्ही लावता तशीच लावायची आहे, असा त्यांचा निरोप आहे. आणि हे माझं: ते तुला कसं बघतात त्यावर माझं सगळं आहे. तोंड आवर.

सुविधा

•

हरमल
सोमवार, २२ फेब्रुवारी १९९९

सुविधा,

तोंड आवरायची वेळच आली नाही. तोंडच उघडलं नाही माझं.

सूर्य समुद्राला टेकायला थोडा अवकाश होता तेव्हा ट्रक आला. तांबडा धुरळा, शंभूनं दार उघडलं, आणि बाबा उतरले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात नारळ. मी पुढं झालो. वाकणार तर म्हणाले, "पयलीं काम." माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ पेट्यांकडे गेले. तिथं काकींची पणती होती. तिच्या उजेडाकडे बघत काकींना म्हणाले, "बरें केलें गो बाये. तांकां काळखांत दवरूंक ना तुवें." आणि इतके दिवस गप्प राहिलेल्या पार्वतीकाकी पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागल्या.

सगळ्यांनी चपला काढल्या. परदेशी पोरांनीसुद्धा, सांगावं लागलं नाही. एरोलनं टोपी काढली आणि जटा खाली आल्या. बाबा त्याला बघत राहिले. मला विचारलं, "हो जटा बाळगता?" मी मान हलवली. "मगे हाका सांगचें पडना," म्हणाले. मला सांगावं लागणार नाही, असं काही म्हणाले नाहीत.

मिंगेलनं मशीनचा ठोका बंद करायला हात नेला, देवाचं काम म्हणून. बाबांनी अडवला. "थांबोवं नाका. ज्या तालार तांकां आपयलां, त्याच तालार पावोवचे पडटले." बोलावलं ज्या तालावर, पोचवायचं त्याच तालावर.

मी टेप लावली. सुविधा, तुझे बाबा आपल्याच आवाजासमोर हात जोडून उभे राहिले. पेट्यांतून त्यांचा आवाज एकेकाला हाक मारत होता आणि ते मान लववत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. पायाखालची वाळू थरथरत होती. तू 'व्हय म्हाराजा' म्हणालीस तेव्हा त्यांनी डोळे मिटले. राखणदाराची हाक आली, टेप संपली, खट् झालं. बेस चालू होता. मागे फिरवायच्या सवयीनं माझा हात बटणाकडे गेला आणि मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

आणि बाबांनी माईकवर पुढचा शब्द उचलला. तिथूनच. आवाज तोच, पट्टी तीच. जत्रेपासून आजवर मधे काही झालंच नाही असा.

एरोलचा डबा चालू होता. बाबांचा शब्द त्यांच्याकडेच परत आला, विरत विरत. ते एकदा दचकले. दुसऱ्यांदा थांबून ऐकलं. तिसऱ्या वाक्यापासून ते त्या शेपटासाठी जागा सोडायला लागले! त्यांचा शब्द जायचा, मोकळ्या जागेत गिटार 'छक्' म्हणायची, शब्द परत येऊन पायाशी बसायचा, मग ते पुढचा टाकायचे. आम्ही महिनाभर जे शिकत होतो ते त्यांना तीन वाक्यांत आलं. नाही, त्यांना ते येतच होतं.

"जो ज्या जाग्याचो, तो त्या जाग्यार सुखान पाव रे म्हाराजा!"

पहिला 'व्हय म्हाराजा' एरोलचा. त्याच्या त्या उच्चारात. मग मिंगेल, गवंडी, रापणकार, काकी, सगळे. राखणदार शिवेवर गेला. देवी देवळात गेली. होऊन गेलेले आपल्या घरांच्या आढ्यांखाली गेले. दर वेळी बेस थोडा कमी होत होता. कोण कमी करत होतं माहीत नाही. मिंगेल शपथेवर सांगतो, तो नव्हे. मग बाबांनी आमची नावं विचारली आणि मागणं घातलं, "हीं भुरगीं अजाण, एरोल, मिंगेल, गौरेश, तांची चूक पदरांत घे, तांच्या हातांक येस दी." माझं नाव त्या पेट्यांतून, तुझ्या बाबांच्या तोंडून, समुद्रावर गेलं गं.

शेवटी तुझ्यासाठी म्हणाले, "आनी म्हज्या चेडवाचो आवाज, तोय तिच्या घरा पाव रे म्हाराजा."

सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मीही म्हणालो. सगळ्यांत मोठ्यानं. तोंडातून गेल्यावर मला कळलं मी कशाला हो म्हटलं.

ठोका थांबला. समुद्र ऐकू आला. असा रिकामा, शांत समुद्र मी जन्मात ऐकला नव्हता. उभं राहिलेलं कुणीतरी निघून गेल्यावर अंगण कसं दिसतं, तसं होतं ते.

बाबांनी हात पुढं केला. मी डेकमधून कॅसेट काढली आणि दिली. एवढाच तुझा आवाज होता माझ्याकडे. त्यांनी नारळाची एक भकल माझ्या हातावर ठेवली आणि ट्रकात बसले.

आता मी तुला काही विचारत नाही. मी 'व्हय' म्हटलंय. ते मोडता येत नाही, हे तूच शिकवलंस.

गौरेश

•

मेणकुरे
शुक्रवार, ५ मार्च १९९९

गौरेश,

बाहेर शिगम्याचे ढोल वाजतायत, त्यातून लिहिते आहे. काही शब्द ढोलाच्या ठोक्यावर पडले असतील.

त्या रविवारी बाबा आले आणि भात मागून घेतला. आईनं वाढला, दोनदा. शंभू म्हणतो, सगळ्या वाटेत ते एकदाच बोलले, "त्या तालाक घाय ना रे." तुझं पहिलं पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही, शपथ.

कॅसेट माझ्या हातात दिली. म्हणाले, "घे. आयलो तुजो आवाज." माझ्या हातापायांच्या मुंग्या त्याच संध्याकाळी गेल्या होत्या, सूर्य बुडता बुडता. मी तेव्हा विहिरीवर होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते.

साखळीकरांना निरोप गेलाय, मुलीचं शिक्षण पुरं होऊ दे. आई माझ्याशी बोलत नाही, पण माझ्या ताटात माशाची मोठी तुकडी घालते, तेव्हा बोलेल.

मग मी विचारलंच. "बाबा, तुम्हांला तो कसा वाटला?" ते दुकानात सुपारी निवडत होते. म्हणाले, "कॉलेज अर्धें, गाऱ्हाणें अर्धें. त्या पोराक सगळें अर्धें सोडपाची संवंय." काही वेळानं म्हणाले, "पूण टेप संपली तेन्ना हात धरून रावलो. म्हाका दिसलें तें."

आणि आणखी काही वेळानं, सुपारी निवडत निवडतच, "जत्रेक येवं दी ताका. पयल्या रांगेंत उबो कर. शेवटमेरेन उबो राव म्हण, प्रसादाक धांवूं नाका म्हण. मगे पळोवया." बघू म्हणाले, नाही म्हणाले नाहीत.

आमच्याकडे पहिल्या रांगेत घरचे उभे राहतात, गौरेश. तुला माहीत नसेल म्हणून लिहिलं. तुझं शेवटाकडे लक्ष नसतं.

जूनमध्ये कॉलेजचे फॉर्म निघतील. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

पुढच्या जत्रेचं मी पुन्हा टेप करणार आहे, बाबांनीच सांगितलंय. आज सकाळी शंभू म्हापशाला निघाला तर त्याला अंगणातून हाक मारून थांबवलं आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कॅसेट हाड रे एक. साठाची नाका, पुरना. नव्वदाची हाड."

सुविधा